साडेतीन लाख पगार, पण कुठल्या रुपयांत?

वाईला एका लग्नात पंगत बसली होती. जिलेबी वाढून झाली, मठ्ठा फिरत होता, आणि माझ्या भाचीच्या काकांनी शेजारच्या पाहुण्यांना सहज सांगितल्यासारखं करत सांगून टाकलं, "आमची पोरगी जर्मनीत महिन्याला साडेतीन लाख घेते." पंगतीतले चार हात थांबले. पुण्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलात हीच पोरगी दीड वर्षापूर्वी 25 हजारांवर सिस्टर होती. चौदापट! समोरच्या बाईंनी लगेच आपल्या मुलाला जर्मनचे क्लास कुठे असतात ते विचारायला सांगितलं.

काका खोटं बोलत नव्हते. तिचा पगार 3,500 युरो आहे, एक युरो साधारण 100 रुपयांना पडतो, गुणाकार बरोबर आहे. तरीही ही बेरीज-वजाबाकी अर्धवट आहे, आणि सध्या ती महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत चालू आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, 10,000 जणांच्या पथदर्शी प्रकल्पाची घोषणा झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसाची वार्षिक संख्या 20,000 वरून 90,000 वर नेण्याचं जाहीर केलं. नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर असे सगळेच आता कॅल्क्युलेटर काढून बसलेत. म्हणून हा हिशोब एकदा नीट मांडू.

आधी दोन्ही आकडे एका जातीचे आहेत का ते बघा

आपल्याकडे नोकरीचा आकडा बहुतेक वेळा 'पॅकेज' म्हणून सांगतात, म्हणजे सीटीसी. कंपनीला तुम्ही वर्षाला एकूण केवढ्याला पडता, तो आकडा. त्यात कंपनीने भरायचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा असतो, ग्रॅच्युइटी असते, कधीकधी कॅन्टीनचं जेवणसुद्धा असतं. जर्मनीत सांगतात तो 'ब्रुटो' पगार. त्यातून तुमच्या कपाती व्हायच्या असतात, पण मालकाचा वाटा त्यात धरलेलाच नसतो, तो मालक वरून भरतो. भाचीच्या 3,500 युरोंवर मालक आणखी साधारण 730 युरो भरतो. आपल्या पद्धतीने सांगायचं तर तिची महिन्याची सीटीसी 4,200 युरोंच्या वर जाते. काकांना हे मी अजून सांगितलेलं नाही.

भारतात 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रम संहिता लागू झाल्या. त्यांतल्या व्याख्येनुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग 'वेतन' म्हणूनच मोजायचा. त्यामुळे पॅकेज आणि पगार यांतला खेळ थोडा कमी व्हावा. पण ऑफर लेटर हातात आलं की 'यातले माझ्या खात्यात किती पडणार?' हा प्रश्न दोन्ही देशांत पहिला विचारायचा.

पगाराची चिठ्ठी

भाचीने मागच्या वर्षी घरच्या ग्रुपवर तिच्या पहिल्या पूर्ण पगाराच्या चिठ्ठीचा फोटो टाकला होता. वर 3,500, खाली 2,330 च्या आसपास. मधल्या ओळींत जर्मन आद्याक्षरं. माझ्या ताईने घाबरून विचारलं, "हे बाराशे कुणी खाल्ले?"

एकेक ओळ बघू. 'एर-फाउ' म्हणजे पेन्शन विमा, 325 युरो. 'का-फाउ' म्हणजे आरोग्य विमा, सुमारे 300. 'आ-फाउ' म्हणजे बेकारी विमा, 45. 'पे-फाउ' म्हणजे म्हातारपणी किंवा अपंगत्वात कुणी सांभाळायला लागलं तर त्या खर्चाचा विमा, 84. मूल नसलं तर हा थोडा जास्त कापतात, कारण मुलं वाढवणारे लोक विम्याचे पुढचे वर्गणीदारच घडवतात असं तिथे मानतात. (हे वाचून ताई आणखी चिडली.) या चारांशिवाय प्राप्तिकर, सुमारे 415.

पुण्यात तिच्या 25,000 मधून 1,800 रुपये पीएफचे जायचे आणि 23,200 हातात यायचे. व्यवसाय कर नाही, कारण महाराष्ट्रात महिलांना 25,000 पर्यंत तो माफ आहे. तिथे तिसरा हिस्सा कापला, इथे जेमतेम चौदावा. मग लुटलं कुणी?

उत्तर थोडं अवघड जागी आहे. पुण्यात तिचा पगार राज्य कामगार विमा योजनेच्या, म्हणजे ईएसआयच्या, 21,000 च्या मर्यादेपेक्षा जास्त होता, म्हणून ती त्या छत्राबाहेर पडली होती. आजारी पडली तर खर्च स्वतःचा, नाहीतर स्वतः काढलेल्या मेडिक्लेमचा. सिस्टर असूनही! जर्मनीत त्या 300 युरोंमध्ये डॉक्टर आला, ऑपरेशन आलं. हॉस्पिटलात भरती झाल्यास स्वतःच्या खिशातून दिवसाला 10 युरो, तेही वर्षाला जास्तीत जास्त 28 दिवस. न कमावणारा नवरा आणि मुलं त्याच विम्यात वेगळा पैसा न देता बसतात. आपल्याकडे हा खर्च पगाराच्या चिठ्ठीवर दिसत नाही, तो एखाद्या दिवशी सोनं गहाण ठेवताना दिसतो. म्हणून नुसत्या हातात येणाऱ्या पगारांची तुलनाही अपुरी आहे. आपण भरलेली फी आणि न भरलेली फी यांची तुलना करतोय.

पेन्शनचंही सांगून टाकतो. जर्मनीत पेन्शनचा हक्क मिळायला किमान 5 वर्षं वर्गणी भरावी लागते. भारत आणि जर्मनी यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार मे 2017 पासून लागू आहे. त्यामुळे पात्रता ठरवताना दोन्ही देशांतली वर्षं एकत्र धरता येतात आणि भारतात परतल्यावरही तिथलं पेन्शन घेता येतं.

एक युरो शंभर रुपयांना, की तीस रुपयांना?

बँकेत एक युरो 100 रुपयांना मिळतो. पण बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या राजधानीत, स्टुटगार्टमध्ये, केस कापायला पुरुषांना 25-30 युरो लागतात, म्हणजे अडीच-तीन हजार रुपये. साताऱ्यात तेच काम शंभर-दीडशे रुपयांत होतं, वर मालिश. केशकर्तनाच्या बाजारात युरोची किंमत पाच रुपयेच निघाली. उलट मोबाइल फोन दोन्हीकडे जवळपास सारख्याच किमतीला, तिथे युरो पूर्ण शंभराचा.

अशा शेकडो वस्तू आणि सेवांच्या किमती दोन्हीकडे मोजून जो सरासरी दर काढतात, त्याला क्रयशक्ती समानता म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरांत पीपीपी. जागतिक बँकेच्या देखरेखीखाली हे मोजमाप होतं. अमेरिकेत एका डॉलरात जेवढं येतं, तेवढं भारतात साधारण 20 रुपयांत येतं आणि जर्मनीत साधारण 70 सेंटांत. भागाकार केला की एक युरो सुमारे 28-29 रुपयांचा निघतो. आपण हिशोबाला 30 धरू.

आता 2,330 युरोंना 30 ने गुणा. जवळपास 70 हजार रुपये. पुण्यातल्या 23,200 च्या तिप्पट. चौदापट कुठे आणि तिप्पट कुठे!

पण मग साताऱ्याच्या घराचं छप्पर कसं झालं?

हा आक्षेप ताईचा, आणि तो रास्त आहे. पोरगी तिथे नुसती तिप्पट सुखात असती, तर इथे घरावर स्लॅब पडला नसता.

तिचा महिना असा जातो. एका खोलीचं 'वार्ममिटे', म्हणजे हीटिंग आणि पाण्यासकट भाडं, 780 युरो. ट्रेन-बसचा देशभर चालणारा पास 2025 मध्ये 58 युरोंचा होता, 2026 पासून 63 चा. रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी 18.36, घरात टीव्ही असो वा नसो. किराणा तीनशेच्या घरात, त्यात भेंडी आणि तूरडाळ हे चैनीच्या खात्यात. फोन, कपडे, इतर. सगळं मिळून 1,430 च्या आसपास. उरतात 900.

हे 900 युरो ती जर्मनीत खर्च करत नाही, साताऱ्याला पाठवते. साताऱ्यात सिमेंटवाला युरोचा भाव तीस धरत नाही. बँकेतून पूर्ण 90 हजार रुपये येतात. पुण्यात असताना तिच्या हातात महिनाअखेर सात हजार उरायचे. म्हणजे शिलकीचा फरक पुन्हा जवळपास तेरापट.

सगळ्या गोंधळाची गाठ इथे आहे. परदेशात गेलेल्या माणसाच्या एकाच पगाराला दोन दर लागतात. जो पैसा तिथेच खर्च होतो त्याला तीसचा, जो इथे येतो त्याला शंभरचा. 1,430 युरोंचं तिथलं राहणं म्हणजे पुण्यातली साधारण 43 हजारांची राहणी. आधी ती 16 हजारांत राहायची, तेव्हा ते सुधारलंच. पण छप्पर झालं ते उरलेल्या नऊशेंवर.

म्हणूनच तिकडे गेलेली पहिल्या दोन-तीन वर्षांतली मुलं एका खोलीत राहून, डबा स्वतः करून, इतकं हात आखडून का जगतात हे समजतं. तिथे वाचवलेला प्रत्येक युरो तीसचा शंभर होतो. मुंबईच्या गिरणीत राबून गावाकडे मनीऑर्डर करणाऱ्या कोकणातल्या माणसाचा हिशोब हाच होता, फक्त तेव्हा चलन एक होतं.

पीपीपीचा आकडाही डोळे झाकून घेऊ नका. अख्ख्या देशाला तो एकच असतो. स्टुटगार्टचं भाडं जर्मनीच्या सरासरीपेक्षा बरंच जास्त आहे, आणि मुंबईत राहणाऱ्याला तर तीसचा दर मुळीच पटणार नाही. मुंबईहून जाणाऱ्याचा फायदा आणखी वाढतो, बीडहून जाणाऱ्याचा कमी होतो. 

तिथला न्हावी आपल्यापेक्षा वीसपट हुशार आहे का?

नाही. कात्री तीच, वेळही तेवढाच. मग त्याला जास्त पैसे का? या कोड्याचं उत्तर बेला बलासा आणि पॉल सॅम्युएल्सन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 1964 मध्ये वेगवेगळं, पण सारखंच दिलं.

स्टुटगार्ट म्हणजे मर्सिडीज, पोर्शे आणि बॉशचं शहर. यंत्रं, पुरवठादार, शंभर वर्षांचा अनुभव यांच्या जोरावर तिथला कामगार तासाला खूप मोलाचा माल काढतो, म्हणून त्याला पगार मोठा. न्हाव्याला कमी पैसे दिले तर तो दुकान बंद करून कारखान्यात जाईल. त्याला खुर्चीमागे टिकवायचं तर त्याचाही दर वर न्यावा लागतो. शहरातल्या मोठ्या कारखान्याच्या पगाराची ऊब न्हाव्याला, नर्सला, पाववाल्याला सगळ्यांना लागते.

यावर चाकणचा कुणीही विचारेल, अहो, मर्सिडीज तर आमच्याकडेही बनते, आमच्या न्हाव्याला का नाही ऊब लागत? कारण चाकणच्या गेटबाहेर त्याच जागेसाठी आयटीआय झालेली पोरं रांगेत उभी आहेत, आणि त्यांच्यामागे दुष्काळी तालुक्यांतली आणखी पोरं. भारतात काम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक स्वयंरोजगारात आहेत, नियमित पगार मिळवणारे साधारण पाचवा हिस्सा. कारखान्याचा चांगला पगार फार थोड्यांपर्यंत पोचतो आणि बाकीच्यांना वर ओढायला पुरत नाही. जर्मनीत उलटं आहे. पिढी म्हातारी होतेय, माणूसच मिळत नाही. त्याशिवाय का ते मुंबईपर्यंत येतील? (स्टुटगार्ट आणि मुंबई 1968 पासून भगिनी शहरं आहेत, पण भगिनीची एवढी आठवण त्यांना आत्ताच आली.)

वर कायद्याची फरशी आहे, म्हणजे त्याखाली पगार देताच येत नाही. जर्मनीत देशभर एकच किमान वेतन 2015 मध्ये आलं, तेव्हा तासाला 8.50 युरो होतं. जानेवारी 2025 मध्ये 12.82 झालं, 2026 मध्ये 13.90. वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या प्रशिक्षित नर्ससाठी वेगळी आणि उंच फरशी आहे, जुलै 2025 मध्ये ती तासाला 20.50 युरो झाली.

तासांचा भाव

पगाराच्या तुलनेत सगळ्यात जास्त विसरली जाते ती ही गोष्ट. भाची पुण्यात आठवड्याला 48 तास काम करायची, म्हणजे कागदावर 48. रिलिव्हर आली नाही तर डबल ड्यूटी. वर्षाच्या सुट्ट्या आणि सण वगळून साधारण 2,300 तास. आता आठवड्याला 39 तास आणि वर्षाला 30 दिवस पगारी रजा. कायद्याने पाच दिवसांच्या आठवड्याला किमान 20 दिवस द्यावेच लागतात, बाकीचे तिच्या करारातले. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये सणांच्या 12 सुट्ट्या. सगळं धरून सुमारे 1,700 तास. फरक 600 तासांचा. पुण्याच्या 48 तासांच्या आठवड्याने मोजलं तर ती वर्षातले जवळपास तीन महिने कमी काम करते.

दोन पाळ्यांत साधारणपणे 11 तासांची विश्रांती सक्तीची. आजारी पडल्यास सहा आठवडे पूर्ण पगार, मग विमा संस्थेकडून काही हिस्सा. पहिल्यांदा ताप आला तेव्हा भाची गोळी घेऊन कामावर गेली, आणि वॉर्डच्या प्रमुख बाईने तिला कौतुकाने नाही, रागावून घरी पाठवलं.

कायद्याची पुस्तकं समोरासमोर ठेवली, तर मात्र भारत प्रत्येक पानावर हरत नाही. बाळंतपणाची पगारी रजा आपल्याकडे 2017 पासून 26 आठवडे आहे, जर्मनीत 14. (पुढे तिथे पालकभत्ता सुरू होतो, तो भाग वेगळा.) ओव्हरटाइमला दुप्पट दर आपल्याकडे कारखान्यांत 1948 च्या कायद्यापासून आहे. प्रश्न एवढाच की हे तुमच्या वाट्याला येतं का. छोट्या नर्सिंग होममधली सिस्टर पोट दिसायला लागलं की नोकरी सोडते, तिला 26 आठवडे कुठले?

मग सगळं सोन्याचंच आहे का?

नाही, आणि हे पगाराच्या चिठ्ठीवर कुठेच येत नाही. भाची बीएस्सी नर्सिंग झालेली. पुण्यात ती आयव्ही लावायची, इंजेक्शनं द्यायची, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटवर नजर ठेवायची. पेशंटला पुसून घेणं, भरवणं, बेडपॅन ही कामं नातेवाइकांची, नाहीतर वॉर्डातल्या मामा-मावशींची. जर्मनीत पेशंटजवळ सहसा नातेवाईक राहत नाही, आणि मदतनीस असले तरी ही कामं त्यांच्यावरच सोपवता येत नाहीत. आंघोळ घालण्यापासून सगळं नर्स करते, आणि तो तिथे शिकवला जाणारा, मान असलेला कामाचा भाग आहे. तिला मात्र पहिल्या महिन्यात वाटलं, चार वर्षं शिकून आपण मावशी झालो. फोनवर रडली. नंतर म्हणाली, "मामा, नव्वद किलोच्या आजोबांना कूस बदलायला लावायचं हे डिग्रीचंच काम आहे, कंबर न मोडता करून दाखव."

शिवाय पहिल्या दिवसापासून 3,500 मिळत नाहीत. आधी जर्मन भाषेची बी-2 पातळी, म्हणजे नोकरी सोडून किंवा रात्रपाळी करून वर्ष-सव्वा वर्ष क्लास. मग तिथल्या राज्याकडून आपल्या पदवीला मान्यता. ती मिळेपर्यंत नर्स म्हणून नव्हे, मदतनीस म्हणून काम, आणि पगारही मदतनीसाचा. हा काळ, क्लासची फी, त्यासाठी काढलेलं कर्ज, त्याचं व्याज हे सगळं पहिल्या वर्षाच्या शिलकीतून वजा करा. एजंट लाखो रुपये मागत असेल तर आधी हे ऐका: केरळ सरकारच्या संस्थेमार्फत जर्मनीला जाणाऱ्या नर्ससाठी अशी योजना आहे की भरतीचा खर्च जर्मन मालक उचलतो. आणि करारात 'इतक्या वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास खर्च परत' असं कलम असेल, तर सही करण्याआधी ते कुणाकडून तरी वाचून घ्या.

नवरा गेल्यावर

आता भाचीचा नवरा तिकडे जातोय. चाकणला त्याची बरी नोकरी आहे, ती सुटणार. भाषा येईपर्यंत तिथे काम नाही. मागच्या रविवारी आम्ही तिघांनी व्हिडिओ कॉलवर नवा हिशोब मांडला. एकटीच कमावणार म्हणून तिचा करवर्ग बदलेल आणि 415 चा कर सव्वाशेच्या आसपास येईल. आरोग्य विम्यात नवरा फुकट बसेल. इथवर सगळं छान. मग दोन खोल्यांचं घर, 1,150. त्याची अनामत वेगळी, ती हीटिंग वगैरे सोडून नुसत्या भाड्याच्या तिप्पट असू शकते. दोन पास, दोघांचा किराणा, त्याचा क्लास. खाली उरले 400 युरो. तिकडे त्याचा चाकणचा पगार शून्य.

पुढे मूल झालं, शाळा तिथलीच, म्हातारपणही तिथलंच ठरलं, तर साताऱ्याला येणारा आकडा आणखी आटेल. काका पलीकडे चहा घेत बसले होते. त्यांनी सवयीने 400 ला शंभरने गुणलं आणि म्हणाले, चाळीस हजार काय कमी आहेत?

भाची म्हणाली, "काका, ते चारशे तुम्ही शंभरनेच गुणा. बाकीचे मात्र आता कायमचे तीसच्या भावाने धरा."